वामनरावांचा आवाज कशात ठेवायचा

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. दसरा नुकताच होऊन गेला होता. मेहकरातल्या माझ्या दुकानात मी एका हार्ड डिस्कवर पेचकस टेकवून बसलो होतो. पेचकसाची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावलेली. समोर बाकावर प्रमिलावहिनी आणि त्यांची मुलगी मनीषा. दोघी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, पेशंटच्या घरचे डॉक्टरकडे पाहतात तसं.

डिस्क फिरायला लागली. मग टक, टक, टक. मग थांबली.

"सुई गेली," मी म्हणालो.

वहिनींनी पदराचा काठ मुठीत धरला.

जे या धंद्यातले नाहीत त्यांना सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे एक बंद डबा. आत आरशासारखी चकचकीत तबकडी फिरत असते आणि तिच्यावर एक सुई हिंडते. जुन्या रेकॉर्डवर सुई टेकते, ही टेकत नाही, केसापेक्षा कमी अंतर ठेवून वर तरंगते. कंपनीवाले तिला हेड म्हणतात, मी सुई म्हणतो. मी चौथी शिकलेला माणूस. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप, मग टीव्ही, मग कंप्युटर. मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला विचारायला गेलो नाही. डिस्क पेचकसाने ऐकायची रीत माझी स्वतःची. पंपाच्या मोटरचे बेअरिंग असंच ऐकतात, त्यावरून मला सुचलं. तालुक्यात माझ्या कानावर लोकांचा भरवसा होता. माझा तर होताच.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मागे घर. माझी बायको सुमन हिचा आवाज आतून दिवसभर चालूच असतो. अवो, आयकता का. अवो, सैपाकाच्या वट्यावरचे स्क्रू उचला. मी आपला 'हं' म्हणतो आणि काम करत राहतो. त्या दिवशीही चालू होता.

आता त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही.

प्रमिलावहिनी जानेफळच्या. त्यांचे मालक वामनराव, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. माझे दोस्त. त्यांना गळ्याचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. वामनराव नागपूरहून परत आले ते घरी न जाता आधी माझ्या दुकानात आले.

"दामू," ते म्हणाले, "आवाज भरून ठेवता येते का?"

"येते. काय भरतं? अभंग म्हण एखादा."

"अभंग काऊन? मी काय घरी अभंग म्हणतो का? घरात जे बोलतो ते भरतो."

मग आम्ही त्यांच्या घरी कंप्युटरला माइक लावून बसलो आणि त्यांनी घरातलं बोलणं एक एक करून भरलं. 'प्रमिले, चहा ठेव.' 'माहा चष्मा कुठी ठेवला?' 'नळ आले व, पाणी भराले गुंड लाव.' 'गॅस बंद केला का?' 'दार लाव, दिवेलागण झाली.' 'भाजी चांगली झाली.' 'मीठ कमी हाये.' स्क्रीनवर प्रत्येकाचं चित्र ठेवलं. कपाचं चित्र दाबलं की चहा, दाराचं दाबलं की दार. ऑपरेशन झालं. त्यानंतर वामनराव जोवर होते, तोवर त्या घरात असंच बोलणं झालं. ते कंप्युटरपाशी जाऊन चित्र दाबायचे आणि त्यांच्याच आवाजात घरभर ऐकू यायचं. ऑपरेशननंतर त्यांच्या तोंडाची चव जवळजवळ गेली होती, पण जेवण झालं की उठून 'भाजी चांगली झाली' दाबायचे. रोज.

ते गेल्यावर वहिनी दिवेलागणीला स्वतः दाराचं चित्र दाबायच्या. वामनराव म्हणायचे, 'दार लाव, दिवेलागण झाली,' आणि वहिनी उठून दार लावायच्या. मला हे माहीत होतं. मनीषाला त्या दिवशी माझ्या दुकानात कळलं.

आदल्या आठवड्यात कंप्युटर चालू व्हायचा बंद झाला. वहिनी तो कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, जानेफळहून एसटीने आल्या होत्या. मनीषा पुण्याहून सुट्टी काढून आली. ती तिकडे कंप्युटरच्याच कंपनीत आहे.

"काका, सुई गेली म्हणजे डेटा गेला का?" मनीषाने विचारलं.

"डेटा तबकडीवर हाये. सुई बदलली तर निंघते. पण ते काम इथं नाही होत. धुळीचा एक कण आत गेला का खेळ खलास. पुण्या-मुंबईत लॅब राह्यते तसली."

"मी तरी आईला किती वर्षांपासून म्हणते, ही जुनी हार्ड डिस्क काढ, एसएसडी बसव." तिने पर्समधून एक लहानसं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. "आणलीच आहे मी."

एसएसडी म्हणजे मोबाइलमधल्या मेमरी कार्डाचा थोरला भाऊ. तबकडी नाही, सुई नाही, फिरणारं काहीच नाही. सगळं चिपमध्ये. म्हणून आवाज नाही, पडली तरी फारसं काही होत नाही, आणि कंप्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत चालू होतो. सगळं जग तिच्या मागे लागलं होतं. माझ्या दुकानात ती मिळत नव्हती. गिऱ्हाईक मागायला आलं तर मी समोरच्या गल्लीत पाठवायचो.

"ते खोकं आत ठेव," मी म्हणालो.

"का पण?"

"पोरी, हार्ड डिस्क मराच्या आधी सांगते. खरखर वाढते, टकटक करते, रेंगाळते. कान असन तर माणूस सावध होते. एसएसडी सांगत नाही. संध्याकाळी ठीक राह्यते आन सकाळी मेलेली राह्यते. मी पाह्यल्या हायेत तशा."

"तुमचे कान आईच्या घरी राहतात का काका?"

बरोबर बोलली होती. पण बरोबर बोललेलं लगेच मान्य करायची मला सवय नाही.

"जोवर चालू राह्यते तोवर बरी," मी म्हणालो. "पेटीत घालून ठेवली, वरून दोन-चार उन्हाळे गेले, तर आतलं पुसट व्हायची भीती राह्यते. वीज लागते तिले अधूनमधून."

"आणि हार्ड डिस्क टेबलावरून पडली तर?"

"तर ती जाते."

"मग?"

"मंग टेबलावरून पाडाची नाही."

आतून सुमन हसली. तिला सगळं ऐकू येत होतं.

"तुमी दोघं नंतर भांडा," वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "यायचा, तुमच्या दोस्ताचा, आवाज निंघते का नाही, तेवढं सांगा."

मी सांगितलं की लॅबला पाठवावं लागेल, आणि तिथेही निघेल की नाही ते सांगता येत नाही. वहिनींनी दोन्ही हात त्या डिस्कवर ठेवले. "कुरिअरनं? नाही. मी यायले कुरिअरनं नाही पाठवत."

मनीषाने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

सुमन बाहेर आली, वहिनींना चहाला म्हणून आत घेऊन गेली. मी डिस्क फोममध्ये गुंडाळायला घेतली. गुंडाळताना उलटी केली. हार्ड डिस्कच्या पोटाला एक हिरवी पाटी असते, तिला बोर्ड म्हणतात. डिस्कचा कारभार ती पाहते. त्या पाटीच्या कडेला मला पिवळं दिसलं. नखाने खरवडलं. खाली लाल.

वास घेतला. हळद.

"वहिनी," मी आत हाक मारली, "ह्या डिस्कले कुंकू कोणं लावलं?"

वहिनी दारात आल्या, हातात कपबशी.

"मीच."

"कधी?"

"दसऱ्याले. दर दसऱ्याले लावतो. यायच्या तिथीलेही."

"आई!" मनीषा म्हणाली.

"काय आई? तुह्या काकाच्या दुकानात मशिनीची पूजा होत नाही का? यायनंच सांगतलं होतं मले, माहा आवाज त्या डब्यात हाये म्हणून. मंग दसऱ्याले टीव्हीची पूजा करू का त्या डब्याची करू?"

आमच्याकडे दसऱ्याला हत्याराची, गाडीची, यंत्राची पूजा करतात. मी पेचकसाची करतो. वहिनींच्या कंप्युटरचा बाजूचा पत्रा उन्हाळ्याच्या गरमीमुळे कायमचा काढून ठेवलेला. त्या जातीच्या कॅबिनेटमध्ये डिस्क उभी बसते, पाटीची बाजू बाहेर. वहिनी हात घालून ओल्या हळदकुंकवाचं बोट लावत होत्या.

"पण दुसऱ्या बाजूले काऊन नाही लावलं? तिथं नुसता पत्रा हाये."

"तिथं छापील कागद हाये. कंपनीची अक्षरं झाकली असती. महत्त्वाचं असन काही." वहिनींचा आवाज बारीक झाला. "माह्यानंच गेला का आवाज?"

मी चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंचा पेचकस काढला आणि पाटी सोडवली. पाटीच्या आतल्या अंगाला बारीक ठिपके असतात. डब्यातल्या सुईचा निरोप तिथून पाटीला मिळतो. ते ठिपके तांब्याची भांडी कळकतात तसे काळे-हिरवे पडले होते. दर दसऱ्याचं पाणी कडेने आत झिरपलं होतं. सुई शाबूत होती. ती बोलत होती, पाटीला ऐकू येत नव्हतं. आणि माझ्या कानाला ती मेल्यासारखी वाटली.

हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

मी स्पिरिटने हळदकुंकू पुसलं. मग खोडरबर घेऊन एक एक ठिपका हळू घासला. पोरं शाळेत वापरतात तेच खोडरबर, माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असतं. ठिपके उजळले. पाटी परत बसवली, वायर लावली आणि पेचकस कानाला लावायला गेलो. मग तो खाली ठेवला आणि वहिनींना म्हटलं, "तुमीच आयका."

डिस्क फिरली. टकटक नाही. नुसती बारीक खरखर, कोणी लांब सुपात गहू घोळतंय तशी.

वहिनी म्हणाल्या, "हेच. हे असंच होते आधी, आन मंग हे बोलतात."

मी लगेच कॉपी मारायला बसलो. मनीषाने माझा हात धरला.

"काका, थांबा. कळकलेली आहे, मध्येच बंद पडेल. आधी फक्त बाबांचा फोल्डर. आणि साधी कॉपी नको, एक जागा वाचता आली नाही की ती तिथेच अडून बसते. माझ्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम आहे. न वाचता येणारी जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी परत येऊन बघतो."

तिने माझ्या खुर्चीवर बसू का असंही विचारलं नाही. बसली. मी उठून बाजूला स्टुलावर बसलो. माझ्या दुकानात माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसल्याचं मला आठवत नाही. मध्येच लाइन गेली, इन्व्हर्टरवर काम चालू राहिलं. तिचे ओठ हलत होते. स्क्रीनवर एक एक नाव हिरवं होत गेलं. चहा. चष्मा. नळ. दार. मी नावं मोठ्याने वाचत होतो, ती मराठीत होती म्हणून मला वाचता आली.

एकच नाव लाल राहिलं. परत परत प्रयत्न केला, ते निघालं नाही.

"कोणतं हाये?" वहिनींनी आतून विचारलं.

"'मीठ कमी हाये,'" मी म्हणालो.

वहिनी बाहेर आल्या. कणकेचे हात तसेच होते, आत सुमनबरोबर स्वयंपाकाला लागल्या होत्या. थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "ते तर यायनं कधी दाबलंच नाही. जाऊ द्या." आणि हसल्या. हसता हसता डोळ्याला हाताचं मनगट लावलं.

जेवणं झाली. मग मुख्य प्रश्न राहिला. आवाज आता ठेवायचा कशात?

मनीषाने तिची एसएसडी कॅबिनेटमध्ये लावली, विंडोज टाकलं, आवाजाचा फोल्डर टाकला. कंप्युटर चालू झाला तो इतक्या झटक्यात की मलाही नाकारता येईना. सुमन म्हणाली, "पाहा, म्हाताऱ्यापेक्षा पोरगी हुशार."

"आई, दाब," मनीषा म्हणाली.

वहिनींनी माउसचा बाण दाराच्या चित्रावर नेला आणि दाबलं. त्याच क्षणाला वामनराव बोलले, 'दार लाव, दिवेलागण झाली.'

वहिनींनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी परत दाबलं. परत लगेच आवाज.

"आई, बाबांचाच आवाज आहे. तोच."

"तोच हाये व. पण हे असे पटकन कधी बोलले? आधी ते खरखर व्हायचं. मले वाटायचं, घसा साफ करून राह्यले. मंग बोलायचे. हे असं म्हणजे..." त्यांनी स्क्रीनकडे हात केला. "हे असं म्हणजे रेडिओ लावल्यावानी वाटते."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, आई, काहीतरीच. ती तसं म्हणाली नाही. तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे नवी हार्ड डिस्क आहे ना?"

"नवी नको," मी म्हणालो.

मी कपाट उघडलं. चालू हालतीतल्या जुन्या डिस्क मी साठवून ठेवतो. जन्मभर मी गिऱ्हाइकाला सगळ्यात कमी आवाजाची डिस्क निवडून देत आलो. कान लावायचा, बारीक आवाजाची पुढे, खरखर करणारी मागे. त्या दिवशी मागच्या रांगेतून काढल्या. एक एक वायरीला लावून पेचकसाने ऐकल्या. तब्येतीने चांगली पण आवाजाने मोठी अशी पाहिजे होती. वहिनी शेजारी उभ्या. "ही नाही. ही लई बारीक. ही शिट्टी मारते." शेवटी एक सापडली. मोठी, जड, जुन्या धाटणीची. चालू झाली तशा वहिनी म्हणाल्या, "ही."

मग असं केलं. विंडोज एसएसडीवर ठेवलं, म्हणजे कंप्युटर लवकर चालू होईल. आवाज हार्ड डिस्कवर ठेवला. मनीषाने सेटिंग लावून दिली, काही वेळ कोणी विचारलं नाही की डिस्क झोपते, आणि चित्र दाबलं की जागी होते. जागी होताना खरखर करते. मग वामनराव बोलतात. त्याच फोल्डरची एक कॉपी एसएसडीवर, आणि एक मनीषाच्या लॅपटॉपवर पुण्याला.

आता मला कोणी विचारलं की घरच्या कंप्युटरला एसएसडी घेऊ का हार्ड डिस्क, तर मी सांगतो. कंप्युटर चालवायला एसएसडी घे. फोटो, शूटिंग, मोठा पसारा ठेवायला हार्ड डिस्क घे. आणि ज्याच्यावाचून तुमचं चालणार नाही ते दोन्हीत ठेव, वरून तिसरं कोणाच्या तरी घरी ठेव. दोन्ही मरतात. एक सांगून मरते, एक न सांगता मरते. आणि सांगणारीचंही मला त्या दिवशी चुकीचं ऐकू आलं. एसएसडी आता माझ्या दुकानात मिळते.

संध्याकाळच्या गाडीने वहिनी आणि मनीषा जानेफळला गेल्या. कॅबिनेट परत गोधडीत, परत वहिनींच्याच मांडीवर. मनीषाने मागितला तर दिला नाही. गाडी निघायच्या आधी वहिनींनी खिडकीतून विचारलं, "भाऊजी, आता कुंकू कुठी लावू?"

"बाहेरच्या पत्र्याले लावा. लागन तेवढं लावा. आत हात घालू नका."

"त्यायले समजन ना?"

"समजन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा दुकानात बसलो. आतून सुमन सुरू झाली. अवो, आयकता का. अवो, वट्यावर परत स्क्रू ठेवले. चहाच्या कपात एक दिवस स्क्रू निंघन तवा समजन तुमाले. मी 'हं' म्हणालो नाही. मोबाइल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि आतल्या दारापाशी जमिनीवर ठेवला. उत्तर आलं नाही म्हणून ती आणखी बोलली. बरंच बोलली. मी मध्ये एक शब्द घातला नाही.

मग समोरच्या गल्लीतून एक एसएसडी आणली आणि तिचं ते बोलणं हार्ड डिस्क आणि एसएसडी, दोन्हीत ठेवलं.